प्लिटवित्से: आईचे गुडघे दुखतात, कुठून सुरुवात करू?

गोदातीर:
सप्टेंबरअखेर क्रोएशियातल्या झाग्रेबहून एका दिवसासाठी प्लिटवित्सेच्या तळ्यांच्या राष्ट्रीय उद्यानात जातोय. आई ६८ वर्षांची, गाण्याच्या शिकवण्या घेते. सपाटीवर तासभर चालेल, पण जिने तिला नकोच. १६ तळी आहेत म्हणे, सगळी होतील का? लेक विचारतेय, पोहता येईल का?

व्हिएन्नाची_सून:
सासूबाईंना काठीसकट नेलं होतं, म्हणून लिहिते. सगळी तळी करायचा हट्ट धरू नका.

प्रवेश २ ने जा. बागेची गाडी वरच्या तळ्यांपाशी सोडते, तिथून उताराने कोझ्याक तळ्यापर्यंत यायचं. ते सगळ्यांत मोठं, ते विजेवरच्या नावेतून बघायचं. लाकडी पुलांना बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत आणि फळ्या ओल्या असतात. आईंचा हात सोडू नका. ७८ मीटरचा वेलिकी स्लाप धबधबा प्रवेश १ जवळच्या कड्यावरूनही दिसतो, त्यासाठी खाली उतरायला नको.

पोहायला बंदी आहे. लेकीला कारण नक्की सांगा. तळ्यांमधले बांध कोणी बांधलेले नाहीत. पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी उड्या मारत खाली येताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना शेवाळावर बसतो. शेवाळ वर वाढत राहतं, खालचं दगड होत जातं. असा बांध चढला की मागे पाणी तुंबून तळं होतं. हे आजही चालू आहे! पुलाशेजारी एक शेवाळाचा झुपका पाहिला, टोकं हिरवीगार आणि बुडखा पांढरा, टणक. सासूबाई तिथून हलेचनात. त्यावर कोणाचा पाय पडावा असं मला अजिबात वाटत नाही.

चालता_बोलता:
शेंगेन व्हिसा असेल तर क्रोएशियासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, १ जानेवारी २०२३ पासून तो देश शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांमध्ये आहे. तिकिटावर आत जायची वेळ असते, आधीच काढा.

व्हिएन्नाची_सून:
आई गाणं शिकवतात हे आत्ता नीट वाचलं. खालच्या तळ्यांत मिल्का त्रनिना या ऑपेरा गायिकेच्या नावाचे धबधबे आहेत. १८९७ मध्ये तिने एका मैफलीची कमाई या तळ्यांच्या जतनासाठी दिली. राष्ट्रीय उद्यान झालं १९४९ मध्ये, म्हणजे बाई अर्धशतक आधीच जागी होती. मात्र तिथून वर यायला चढ आहे, गुडघे बघून ठरवा.

गोदातीर:
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, चढ असू दे, बसत बसत चढेन, पण तिच्या धबधब्यापाशी मला ने. सकाळची पहिली वेळ घेतो.