सोर्सचं नाव सांगितलं नाही तर खरंच तुरुंग होतो का?

नवी_बातमीदार:
नमस्कार. बातमीदारीत नवीन आहे. एका सरकारी कार्यालयातल्या माणसाने मला खरेदीच्या फाइलमधली काही पानं दाखवली आहेत. कागद अजून हातात दिलेले नाहीत. आपलं नाव कुठेही येता कामा नये, एवढीच त्याची अट आहे. मी हो म्हणणार, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "आणि कोर्टाने विचारलं तर?" मी त्याला सांगितलं, विचार करून कळवते.

बातमी खरी आहे, लोकांच्या पैशाची आहे आणि मला ती करायचीच आहे. पण त्या माणसाला घर आहे, नोकरी आहे. मी गप्प राहिले तर मला आत टाकू शकतात का? आणि मी गप्प राहून तो खरंच वाचतो का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावं.

वाचक_७:
पत्रकाराला सोर्स न सांगण्याचा हक्क असतो. बिनधास्त शब्द द्या.

वकिलीण:
वाचक_७, हा समज बऱ्याच पत्रकारांचाही आहे, म्हणून स्पष्टच सांगते. भारतात असा सरसकट हक्क देणारा कायदा नाही. १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यात कलम १५(२) आहे, पण ते फक्त प्रेस कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. कोर्टात त्याचा आधार मिळत नाही. विधी आयोगाने १९८३मध्ये ९३व्या अहवालात पुरावा कायद्यात तशी तरतूद करा म्हणून शिफारस केली होती, ती तशीच राहिली. १ जुलै २०२४पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्यातही नवरा-बायकोमधलं बोलणं आणि वकील-अशिलामधलं बोलणं यांना संरक्षण आहे, बातमीदार-सोर्समधल्या बोलण्याला नाही.

दुसरी बाजूही आहे. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने फोनवर पाळत ठेवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये म्हटलं की सोर्सचं संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची एक मूलभूत अट आहे. वकील म्हणून हे वाक्य मी कुठल्याही न्यायाधीशापुढे ठेवीन. पण ते ऐकायचं की नाही, हे त्या-त्या प्रकरणात ठरतं. साक्षीदाराने उत्तर नाकारलं तर फौजदारी न्यायालय सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवू शकतं. अवमानाची कारवाई झाली तर साधी कैद सहा महिन्यांपर्यंत. तेव्हा ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो, शक्य आहे" असंच आहे.

जुना_डेस्क:
माझी सगळी नोकरी वृत्तपत्राच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान लावण्याच्या कामात झाली. बातमीदाराने बाहेर कुणाला काय कबूल केलंय, हे डेस्कला सगळ्यात शेवटी कळतं. तोवर पान लागलेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही तिथल्या तिथे हो म्हटलं नाहीत हे फार चांगलं केलंत. आधी तुरुंगाचं बोलू. अमेरिकेतल्या गाजलेल्या प्रकरणांत ही कैद बहुधा शिक्षा म्हणून नसते, तोंड उघडावं म्हणून असते. नाव सांगा आणि घरी जा. 'न्यूयॉर्क टाइम्स'ची बातमीदार ज्युडिथ मिलर २००५मध्ये ८५ दिवस आत होती, आणि ज्या माहितीवरून हे झालं तिच्यावर तिने तोवर बातमीही छापली नव्हती. सोर्सने स्वतः मोकळं केल्यावर ती बाहेर आली. व्हेनेसा लेगेट तर एका खुनाच्या प्रकरणावर पुस्तक लिहीत होती. पाठीशी वृत्तपत्र नाही, संपादक नाही. ती १६८ दिवस बसली आणि ग्रँड ज्युरीची (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची) मुदत संपली तेव्हाच, जानेवारी २००२मध्ये सुटली. एकट्या बाईने एवढं सोसलं आणि तिचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण मला तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मी गप्प राहून तो वाचतो का? पुष्कळदा नाही.

'न्यूयॉर्क टाइम्स'चा बातमीदार जेम्स रायझेन सोर्स सांग म्हणून आलेल्या समन्सशी २००८पासून लढला. शेवटी जानेवारी २०१५मध्ये सरकारनेच त्याची साक्ष घेण्याचा नाद सोडला. त्याने नाव उच्चारलं नाही. आणि त्याच महिन्यात, त्याला माहिती दिल्याच्या आरोपावरून, सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा माजी अधिकारी जेफ्री स्टर्लिंग दोषी ठरला. कशावरून? कुणी कुणाला कधी फोन केला, कधी मेल पाठवली, या नोंदींवरून. बेचाळीस महिने शिक्षा झाली. बातमीदार आपल्या शब्दाला जागला तरी सोर्स तुरुंगात गेलाच.

२०१७चं, अमेरिकी गुप्तचर खात्यासाठी काम करणाऱ्या रिॲलिटी विनर या तरुणीचं प्रकरण तर प्रत्येक नव्या बातमीदाराला शिकवायला हवं. तिने एक गुप्त अहवाल छापून पोस्टाने एका वृत्तसंस्थळाला पाठवला होता. वृत्तसंस्थळाने खातरजमा करण्यासाठी त्याची प्रत सरकारला दाखवली. प्रतीवर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे कागद छापून बाहेर नेलेला. कार्यालयातल्या नोंदी पाहिल्या तर तो सहा जणांनी छापला होता, आणि त्या सहांतल्या एकीच्याच संगणकावरून त्या संस्थळाशी मेल झालेली. कुणी चौकशीला बोलावण्याआधीच सगळं उघड झालं होतं.

म्हणून कागद हातात घेण्याआधी त्यालाच विचारा: हीच पानं आणखी किती जणांकडे आहेत? फक्त त्याच्याकडे असतील तर ती छापू नका, दाखवू नका, त्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. कागदाचे कोपरे बघा. झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का असतो, कुणाच्या हिरव्या पेनाची खूण असते, फाइलला लावताना पाडलेली भोकं एका ठरावीक जागी असतात. ती भोकं पाहून "ही आमच्या टेबलाची फाइल" असं सांगणारे कारकून मी पाहिले आहेत. त्याच माहितीपर्यंत माहितीच्या अधिकारातून किंवा निविदेच्या जाहीर कागदांवरून पोचता येतं का ते पाहा. पोचलात तर त्याच्या कागदाची गरजच उरत नाही. सोर्स वाचवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आणि ऑफिसचं. तुमचा शब्द म्हणजे तुमच्या वृत्तपत्राचा शब्द, असं धरून चालू नका. मिलरच्याच प्रकरणात 'टाइम' साप्ताहिकाच्या मॅथ्यू कूपरच्या नोंदी त्याच्या कंपनीने सरकारकडे देऊन टाकल्या. त्याआधी, १९८२च्या निवडणुकीत मिनेसोटात डॅन कोहेन या प्रचार सल्लागाराने नाव न छापण्याच्या अटीवर विरोधी उमेदवाराचे जुने कोर्टाचे कागद दिले. दोन वृत्तपत्रांच्या बातमीदारांनी शब्द दिला होता. संपादकांनी तो मोडून नाव छापलं आणि कोहेनची नोकरी त्याच दिवशी गेली. तो कोर्टात गेला. १९९१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की शब्द मोडल्याची भरपाई मागता येते, आणि पुढे त्याला दोन लाख डॉलर मिळाले. संपादकांनी नाव छापलं ते वाचकांच्या हितासाठीच, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते कधीच पटलं नाही. आपल्या माणसाने दिलेला शब्द वरच्यांनी मोडायचा, मग बातमीदाराने बाहेर कुठल्या तोंडाने जायचं?

शंकेखोर:
सर, एक वेगळा मुद्दा. सोर्स खोटं बोलत असेल आणि त्यापायी निरपराध माणूस अडकत असेल तर? त्याच्या वकिलाला त्या नोंदी बघायच्या असतात. तेव्हाही गप्पच राहायचं?

जुना_डेस्क:
हा खरोखर अवघड प्रश्न आहे, झटकून टाकता येत नाही. १९७८मध्ये न्यू जर्सीत नेमकं हेच झालं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मायरन फार्बरच्या बातम्यांमुळे जुन्या मृत्यूंची चौकशी पुन्हा उघडली आणि एका डॉक्टरवर खुनाचा खटला उभा राहिला. बचाव पक्षाने फार्बरच्या नोंदी मागितल्या. त्याने दिल्या नाहीत, चाळीस दिवस तुरुंगात काढले, वृत्तपत्राने दंड भरला. ज्युरीने डॉक्टरला निर्दोष सोडलं. दोषी ठरवलं असतं तर? मी फार्बरच्या बाजूचा आहे, पण हा प्रश्न मला आजही सतावतो. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं होतं: जो सोर्स जाणूनबुजून खोटं सांगेल त्याच्याशी माझा करार संपला, आणि हे त्याला पहिल्या भेटीतच सांगायचं.

वकिलीण:
युरोपातलं एक उदाहरण जोडते. ब्रिटनमध्ये बिल गुडविन या शिकाऊ पत्रकाराला सोर्स न सांगितल्याबद्दल पाच हजार पौंड दंड झाला होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६मध्ये ११ विरुद्ध ७ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. स्वीडनमध्ये तर नियम उलटाच आहे. तिथे निनावी राहू इच्छिणाऱ्या सोर्सचं नाव फोडणारा पत्रकारच गुन्हेगार ठरू शकतो आणि सरकारी कार्यालयाला सोर्स शोधायलाही मनाई आहे, अपवाद थोडे. तेव्हा हे अशक्य नाही. आपल्याकडे कुणी कायदा केलेला नाही, एवढंच.

नवी_बातमीदार:
सगळ्यांचे खूप आभार. सर, मग त्याला नेमकं काय सांगू? "काहीही झालं तरी" असं म्हणायची आता हिंमत होत नाही.

जुना_डेस्क:
म्हणूच नका. समोरासमोर बसा, फोनवर नको. फोन घरी ठेवून जा, त्यालाही तसंच सांगा. नाव तुमच्याशिवाय कुणाला कळेल ते आधीच ठरवा. संपादकांना सांगायचं असेल तर त्याची परवानगी घ्या, आणि संपादकांकडूनही तसा शब्द घ्या. कोर्टाने विचारलं तर तुम्ही सांगणार नाही, पण फोनच्या नोंदी आणि कार्यालयातली चौकशी तुमच्या हातात नाही, हे त्याला तोंडावर सांगा. कुठल्या परिस्थितीत तो तुम्हाला शब्दातून मोकळं करेल, हेही विचारून घ्या. वकिलाचा नंबर आजच जवळ ठेवा, समन्स आल्यावर शोधत बसू नका.

हे सगळं ऐकून तो मागे सरला तर त्याला जाऊ द्या. बातमी दुसऱ्या वाटेने करा. आणि तरीही त्याने कागद पुढे केले, तर घेण्याआधी पहिल्या पानाचा वरचा उजवा कोपरा नीट बघा.