तेजस मार्क-२ ला वेगळं नाव हवं

अक्षांश
एलसीएचं (लाइट कॉम्बॅट एअरक्राफ्ट, म्हणजे हलकं लढाऊ विमान) 'तेजस' हे बारसं वाजपेयींनी ४ मे २००३ला केलं, ते मिग-२१च्या जागी येणाऱ्या हलक्या विमानाचं. कमाल उड्डाण वजन साडेतेरा टन, इंजिन एक, एफ-४०४. त्याची पुढची आवृत्ती मार्क-२, तिचा आराखडा साडेसतरा टनांचा, इंजिन एफ-४१४, पंखांपुढे कॅनार्ड म्हणजे छोटे जादा पंख, आणि त्याने जागा घ्यायची ती मिराज २०००, जग्वार आणि मिग-२९ची. मिराजचं कमाल वजनच १७ टन! त्या वर्गातल्या विमानाला 'हलकं' म्हणणं चूक आहे. मध्यंतरी 'मीडियम वेट फायटर' हे नाव वापरात होतं, तेच बरोबर होतं.

नाव एकच राहिलं की एकाच्या अपेक्षा दुसऱ्यावर लादल्या जातात. मार्क-१ला शस्त्रं, टाक्या टांगायच्या आठ जागा आहेत. १,२०० लिटरच्या दोन इंधनटाक्या लावल्या की त्यांतल्या दोन गेल्या. पंखांच्या टोकाकडच्या दोन जवळच्या पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या. डाव्या इनटेकखालची (इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या तोंडाखालची) एक पॉडसाठी, म्हणजे लक्ष्य शोधणाऱ्या उपकरणाच्या डब्यासाठी. उरल्या मधल्या दोन आणि पोटाखालची एक. सीमेजवळच्या हवाई संरक्षणाला हे पुरतं. पण लांबवर जाऊन जड मारा करत नाही म्हणून त्याला नावं ठेवणं अन्याय आहे, कारण ते काम त्याला दिलेलंच नाही.

मारवा
पूर्ण असहमत. स्वीडनच्या लढाऊ विमानाचं, ग्रिपेन सी ते ग्रिपेन ई बघा: १४ टनांवरून साडेसोळा टन, आणि इंजिनबदल जवळपास हाच, एफ-४०४वर आधारलेल्या आरएम-१२वरून एफ-४१४. नाव ग्रिपेनच राहिलं. अमेरिकेच्या हॉर्नेटचंही तेच, सुपर हॉर्नेटचं पंखक्षेत्र सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं तरी घराणं तेच.

शिवाय मार्क-२ कोऱ्या कागदावरून आलेलं नाही. शेपटीचे आडवे पंख नसलेला डेल्टा म्हणजे त्रिकोणी पंख, चौपदरी डिजिटल फ्लाय-बाय-वायर (संगणकामार्फत विजेच्या संदेशांनी होणारं नियंत्रण), कार्बन कंपोझिटचे भाग बनवण्याची विद्या, हे सगळं ४ जानेवारी २००१च्या पहिल्या उड्डाणापासून पै-पैने जमवलेलं आहे. नवं नाव दिलं की ही कमाई लोकांच्या नजरेआड होते, याचं मला वाईट वाटतं.

अक्षांश
मारवा, 'सुपर' हा शब्द त्यांनाही जोडावा लागलाच ना? आणि कॅनार्डला तुम्ही फार हलक्यात घेताय. त्याने उठवलेले हवेचे भोवरे मुख्य पंखावरून वाहतात, त्यामुळे नियंत्रणाचे नियम नव्याने लिहून प्रत्येक वेगाला, उंचीला आणि भाराला तपासावे लागतात. दोन्ही इंजिनांची लांबी-जाडी जवळपास सारखी असली तरी एफ-४१४ला हवा जास्त लागते, म्हणजे इनटेकही मोठे. मार्क-१च्या चाचण्यांचे तास इथे जसेच्या तसे मोजता येत नाहीत.

गणिती
नावापेक्षा मला किमतीचा घोळ जास्त छळतो. २०२१च्या ८३ तेजस विमानांसाठी मंत्रिमंडळाने ४५,६९६ कोटी मंजूर केले. भागाकार केला की ५५० कोटी येतात आणि तोच आकडा 'एका तेजसची किंमत' म्हणून फिरतो. पण ते बनवणाऱ्या एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) तेव्हा सांगितलेला नुसत्या विमानाचा दर ३०९ कोटी होता, दोन आसनीचा २८०. वरचे पैसे तळावरची उपकरणं, सुटे भाग, सीमाशुल्क आणि जीएसटीचे.

सप्टेंबर २०२५चा करार ९७ विमानांचा, ६२,३७० कोटींचा, म्हणजे ६४३ कोटी. हा आकडा करांशिवाय आहे आणि त्यात दोन आसनी २९ आहेत, आधीच्या करारात १० होती. त्यामुळे ५५०वरून ६४३ इतकीच वाढ झाली असं म्हणता येत नाही. राफेलचंही तसंच: ३६ विमानांचे ७.८७ अब्ज युरो शस्त्रं, सुटे भाग आणि भारतासाठी केलेले बदल धरून आहेत. ती रक्कम तेजसच्या ३०९ कोटींशेजारी ठेवणारा तक्ता सरळ चुकीचा.

मारवा
हे मान्य. पण मग घोळ नावाचा नाही, करारात काय धरलंय ते न वाचण्याचा आहे.

अक्षांश
दोन्हींचा आहे. मार्क-२ची किंमत जाहीर होईल त्या दिवशी ती ३०९शी ताडून 'तेजस दुप्पट महागलं' अशा मथळ्यांनी येईल. साडेसतरा टनांच्या विमानाची तुलना साडेतेरा टनांच्या विमानाशी होईल, ती केवळ नाव एक म्हणून.

गणिती
मग 'तेजस' राहू द्या, पण सरकारी पत्रकात नावापुढे वजनाचा वर्ग लिहा आणि किमतीपुढे कर धरले की नाही ते.