एनबीए: संघाचं रिबाउंडिंग कच्चं आहे हे आकड्यांवरून कसं ओळखायचं? सल्ला हवा

उसळता_चेंडू
नमस्कार मंडळी. एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी थंडरचे सामने मी नेमाने बघतो. २०२३-२४ मध्ये हा संघ ५७ विजय मिळवून पश्चिम विभागात पहिला आला आणि प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्याच फेरीत डॅलसकडून ४-२ असा हरला. तेव्हा जो तो म्हणत होता, यांचं रिबाउंडिंग, म्हणजे चुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू पकडणं, कच्चं आहे. त्याच उन्हाळ्यात त्यांनी न्यूयॉर्क निक्सकडचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आयझाया हार्टेनस्टाईन तीन वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलर मोजून आणला आणि २०२५ ला विजेतेपद घेतलं. माझा मित्र म्हणतो, सामन्यामागे किती रिबाउंड मिळतात तेवढं बघितलं की कळतं. मला पटत नाही, पण खोडून काढायला हाताशी काही नाही. कुठले आकडे बघावेत आणि कुठे फसायला होतं, जाणकारांनी सांगा.

टेबलअधिकारी
सामन्यामागचे रिबाउंड आधी बाजूला ठेवा. रिबाउंड मिळायला कुणीतरी शॉट चुकवावा लागतो, आणि किती शॉट चुकतात हे दर सामन्याला बदलतं.

समजा, समोरच्या संघाचे ४० शॉट चुकले. त्यातले ३० तुम्ही उचलले, १० त्यांनी परत मिळवले. म्हणजे डिफेन्सिव्ह रिबाउंडचं प्रमाण ७५ टक्के. दुसऱ्या संघासमोर ५० चुकले, त्यानं ३५ घेतले, १५ सोडले. तुमच्या मित्राच्या हिशेबात ३५ वाला वरचढ. पण त्याचं प्रमाण ७० टक्केच आहे आणि त्यानं प्रतिस्पर्ध्याला पाच संधी जास्त दिल्या. विल्ट चेंबरलेननं १९६०-६१ मध्ये सामन्यामागे २७.२ रिबाउंड घेतले. तो थोर होताच, पण त्या काळी खेळ फार वेगवान होता आणि शॉट चुकायचेही भरपूर.

म्हणून दोन टक्केवाऱ्या बघा, डिफेन्सिव्ह (समोरच्याच्या चुकलेल्या शॉटवरची) आणि ऑफेन्सिव्ह (आपल्याच चुकलेल्या शॉटवरची), आणि त्या वेगवेगळ्या ठेवा. दोन्हींची बेरीज करून एकच आकडा काढला की दुखणं नेमकं कुठे आहे ते झाकलं जातं. शिवाय दोन संकेतस्थळांचे आकडे शेजारी ठेवू नका. एनबीएचं अधिकृत संकेतस्थळ कुणाच्याच नावावर न जाणारे ‘टीम रिबाउंड’ही धरतं, बास्केटबॉल रेफरन्स हे आकडेवारीचं संकेतस्थळ धरत नाही. त्यामुळे एकाच संघाची टक्केवारी दोन ठिकाणी वेगळी दिसते. एक जागा पकडा आणि तिथेच सगळे संघ ताडून बघा.

डॅलसवासी
थंडर-डॅलसची ती मालिका मी इथे डॅलसमध्ये राहून बघितली आहे, म्हणून लिहितो. नियमित हंगामातही थंडर रिबाउंडच्या टक्केवारीत तळाच्या गटात होते, त्यामुळे कमजोरी खरीच होती. पण ती निव्वळ उंची कमी असल्यामुळे नव्हती. त्यांचा सेंटर चेट होल्मग्रेन ७ फूट १ इंच आहे. अडचण अशी की रिंगजवळ शॉट अडवायलाही तोच जायचा. डॅलसचा डॉन्चिच आत घुसला की होल्मग्रेन आपला माणूस सोडून मदतीला पुढे येणार, आणि मागे डॅलसचा सेंटर डेरेक लाइव्हलीला अडवायला उरणार एखादा गार्ड, म्हणजे बाहेरून खेळणारा, उंचीनं कमी खेळाडू. शॉट चुकला तरी लाइव्हली त्या गार्डच्या डोक्यावरून चेंडू पुन्हा वर टोलवायचा. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात) तो लाइव्हलीचा ऑफेन्सिव्ह रिबाउंड म्हणून लागतो, पण त्याचं मूळ दोन पावलं आधी, मदतीला जाण्याच्या निर्णयात असतं.

तेव्हा टक्केवारी खाली दिसली की तेवढ्याच पझेशनचे (चेंडू एका संघाच्या ताब्यात असतानाच्या खेळाचे) व्हिडिओ काढून बघा. बॉक्सआउट करायला, म्हणजे अंगानं अडवून समोरच्याला चेंडूपासून दूर ठेवायला, माणूसच नव्हता, की माणूस होता पण ढकलला गेला? हे दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि दोघांवर इलाजही वेगळा.

कोर्टसाइड
+१. मी भर घालतो ती खेळाडूंच्या आकड्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

उदाहरण थंडरचंच घ्या. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकनं सामन्यामागे १०.७ रिबाउंड घेतले आणि सेंटर स्टीव्हन ॲडम्सचे होते ७.७. म्हणून वेस्टब्रुक चांगला रिबाउंडर आणि ॲडम्स सुमार? मुळीच नाही. ॲडम्स समोरच्या सेंटरला अंगावर घेऊन दाबून ठेवायचा आणि वेस्टब्रुक येऊन मोकळा चेंडू उचलून थेट पळत सुटायचा. यात संघाचा फायदाच होता. पण ॲडम्सचं काम कुठल्याच जुन्या रकान्यात लागत नव्हतं.

आता एनबीएच्या संकेतस्थळावर बॉक्सआउटची वेगळी नोंद मिळते. झटापटीत मिळवलेले रिबाउंड किती आणि आयते किती, हेही मिळतं. त्याहून मोलाचं म्हणजे तो खेळाडू कोर्टवर असताना आणि बाकावर असताना संघाची टक्केवारी किती बदलते ते. ज्याचे स्वतःचे रिबाउंड कमी पण तो असताना संघाचे वाढतात, अशा खेळाडूला मी डोळे झाकून संघात घेईन. फक्त थोडी मिनिटं एकत्र खेळलेल्या लाइनअपवर (कोर्टवरच्या पाच जणांच्या संचावर) भरवसा ठेवू नका. चार-सहा सामन्यांत हे आकडे वाट्टेल तसे हलतात.

उसळता_चेंडू
फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. एक शंका आहे. रिबाउंडिंग इतकं कच्चं असूनही ५७ विजय कसे आले? म्हणजे या कमजोरीची गुणांमध्ये किंमत किती धरायची?

टेबलअधिकारी
ढोबळ हिशेब सोपा आहे. सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे ४५च्या आसपास शॉट चुकतात असं धरा. तुमची डिफेन्सिव्ह टक्केवारी सरासरीपेक्षा ५ टक्क्यांनी कमी असेल तर सव्वादोन जादा पझेशन त्यांना मिळतात. हल्ली एका पझेशनला एकाहून थोडे जास्तच गुण पडतात. म्हणजे सामन्यामागे अडीचेक गुण. थोडे नाहीत, पण दुसरीकडे भरून काढता येतात.

थंडर ते टर्नओव्हरमधून, म्हणजे समोरच्यानं शॉट न घेताच गमावलेल्या चेंडूंमधून, भरून काढतात. समोरच्याचा चेंडू हिसकावला की तो शॉटच घेत नाही, मग रिबाउंडचा प्रश्नच येत नाही. बास्केटबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या डीन ऑलिव्हरनं सामन्याचे जे चार घटक सांगितले त्यांत त्यानं शूटिंगला ४०, टर्नओव्हरला २५, रिबाउंडला २० आणि फ्री थ्रोला १५ टक्के वजन दिलं होतं. वजनांबद्दल वाद आहेत, पण एक घटक सुटा काढून निकाल द्यायचा नाही, हे मला शंभर टक्के पटतं.

२०२५च्या फायनलचा पहिला सामना पुन्हा बघा. समोरच्या इंडियाना संघाच्या वेगाशी जुळवून घ्यायला थंडरचे प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्टनं हार्टेनस्टाईनऐवजी गार्ड केसन वॉलेसला सुरुवातीला उतरवलं. पहिल्या अर्ध्यात इंडियानानं १९ टर्नओव्हर केले. पण रिबाउंडमध्ये त्यांनी थंडरला मागे टाकलं आणि त्यांच्या हॅलिबर्टनच्या शेवटच्या शॉटवर १११-११० असा सामना काढला. चौथ्या सामन्यात हार्टेनस्टाईन सुरुवातीच्या पाचात परतला. रिबाउंडिंगसाठी एवढे पैसे मोजलेला संघही ते कधी, कुणासमोर सोडायचं याचा विचार दर सामन्याला करतो. तुम्हीही ‘कच्चे आहेत का’ एवढ्यावर थांबू नका. त्याबदल्यात त्यांना काय मिळतंय तेही तपासा.

झोन_२३
ऑफेन्सिव्ह रिबाउंड कमी असले तर लगेच कमजोरी म्हणू नये. बरेच प्रशिक्षक शॉट सुटला की खेळाडूंना मुद्दाम मागे धाडतात, समोरच्याला फास्ट ब्रेक (बचाव सावरायच्या आत पळत जाऊन केलेला हल्ला) मिळू नये म्हणून. त्यामुळे तो आकडा अशा पळत्या हल्ल्यांवर दिलेल्या गुणांसोबत वाचा. दोन्हींत संघ मागे असेल तर खरी काळजी. डिफेन्सिव्ह रिबाउंडला मात्र अशी सबब नाही.

सुनीता_सांगली
माझी मुलगी जिल्हा संघात खेळते. आमच्याकडे असे आकडे कुठून आणायचे? स्कोअरशीटवर तर रिबाउंड नसतातच.

टेबलअधिकारी
ताई, बरोबर, फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) स्कोअरशीटवर गुण आणि फाउल असतात, रिबाउंड नाही. एका पालकानं वही घेऊन बसावं. समोरच्या संघाचा शॉट चुकला की एकच खूण करायची, चेंडू आपल्याला की त्यांना. त्यांना मिळाला तर त्या खुणेपुढे आपल्या ज्या मुलीनं अडवायची ती खेळाडू मोकळी सुटली, त्या आपल्या मुलीचा जर्सी नंबर लिहायचा. बाकी काही लिहू नका, नाहीतर खेळ बघायचा राहून जातो. चार-पाच सामन्यांची पानं जमली की तेच ते नंबर पुन्हा पुन्हा दिसतात का ते बघा आणि वही सरांना दाखवा, मुलींना नको. नंबर विखुरलेले असतील तर दोष कुणा एकीचा नाही, शॉट सुटल्यावर सगळ्याच चेंडूकडे बघत उभ्या राहतायत.