गोळ्या बंद केल्या, आता ॲपच्या भरवशावर राहू का?

सायली_डों: काही वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, डोकं ठणकायचं, मग डोळ्यापुढे वेड्यावाकड्या रेघा नाचायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाल्या असलं मायग्रेन असेल तर या गोळ्या नकोच. मुलगी अडीच वर्षांची आहे, दुसरं आत्ता नकोय. मोबाइलवर पाळीचं ॲप आहे, ते लाल (धोक्याचे) आणि हिरवे (बिनधोक) दिवस दाखवतं. पाळी कधी 27 दिवसांनी कधी 34. नवरा म्हणतो हिरवा दिसतोय ना मग झालं, पण मला धाकधूक होते. कोणी तापमान वगैरे बघून करतं का हे?

चिंचगूळ: मी करते, दोन वर्षं झाली. ॲप मागच्या तारखांवरून नुसता अंदाज बांधतं गं. स्त्रीबीज सुटल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, पण आजारपणाने, दगदगीने बीज सुटायलाच उशीर झाला की सगळंच पुढे जातं आणि ॲप आपलं हिरवंच. त्यात शुक्राणू आत पाच दिवस तग धरतात. मी तापमान आणि योनीतला स्राव दोन्ही बघते. दशांशचिन्हानंतर दोन आकडे दाखवणारं थर्मामीटर, उठायच्या आधी, अंथरुणातच. आमच्याकडे नळाला पाणी पावणेपाचला, त्यामुळे आता नवरा उठून भरतो आणि मी थर्मामीटर तोंडात धरून पडलेली, सासूबाईंनी दोनदा काढा करून आणला ताप आला समजून 😅 बीज सुटल्यावर तापमान 0.2 ते 0.5 सेल्सिअसने चढतं. ते तीन दिवस वर टिकलं आणि स्रावही सुकला की मगच मोकळे. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरतो ना तेव्हा अजिबात नाही.

कोल्हापुरी_सिस्टर: सायलीताई, मण्यांच्या माळेवर दिवस मोजायची पद्धत असते, त्यात पाळी आल्यापासून 8वा ते 19वा दिवस टाळायचे, पण ती 26 ते 32 दिवसांची पाळी असणाऱ्यांसाठीच. तुमचं 34 बसत नाही. आणि बसलं तरी रोजच्या वापरात वर्षाला 100 पैकी 12 जणींना दिवस जातात. हार्मोन नकोत एवढंच असेल तर तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) आहे की, तिचा 380ए प्रकार दहा वर्षं चालतो, सरकारी दवाखान्यात फुकट. सुरुवातीचे काही महिने अंगावरून जास्त जातं हे खरं. छाया नावाच्या गर्भनिरोधक गोळीतही हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा, पाळी मात्र लांबू शकते. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

बाबा_दोनदा: आमचं धाकटं हिरव्या दिवसाचंच आहे. यंदा पहिलीत गेलं.

सायली_डों: @बाबा_दोनदा तुमची कमेंट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली, गप्प बसला एकदम. थर्मामीटर मागवलाय. चिंचगूळ, निदान तीन-चार पाळ्या नुसत्या नोंदी करून बघते, आणि तांबीचं पण विचारून येते. तोवर कंडोम, आणि मेडिकलमधून आणायचं काम त्याचं, मी नाही उभी राहणार तिथे.