यूट्यूबचे पैसे रिटर्नमध्ये कसे दाखवू? अमेरिकेत कापलेल्या कराचं काय? (मदत हवी आहे)

शिवणवेडी (ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून शिवणकामाचं चॅनेल चालवते. तीन वर्षं झाली, जाहिरातींचे पैसे येतात. आधीची दोन रिटर्नं एकांकडून भरून घेतली होती. त्यांनी पासबुकात जमा झालेल्या रकमांची बेरीज केली, 'इतर उत्पन्न' या रकान्यात टाकली आणि मोकळे झाले. मीही काही विचारलं नाही. यंदा स्वतः भरायला बसले आणि पहिल्याच महिन्यात अडकले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पेमेंटच्या पानावर ६१२ डॉलर दिसतात. त्यातले २१० अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेले. त्या २१० वर १५ टक्के, म्हणजे ३१.५० डॉलर तिकडेच कापले. खात्यात ५८०.५० चे रुपये आले. आता माझं उत्पन्न ६१२ की ५८०.५०? आणि तो ३१.५० कर मी भरला असं धरायचं की गेला म्हणायचं?

डब्ल्यू-८ बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा तिकडचा कर फॉर्म) २०२२ च्या ऑगस्टमध्ये भरला होता, पॅन टाकून आणि भारत-अमेरिका कराराचा पर्याय निवडून. त्यानंतर तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आणखी एक. एका कंपनीने व्हिडिओसाठी ३८,००० ची शिलाई मशीन देऊ केली. नंतर मेल आली की आधी ३,८०० भरा, मग मशीन पाठवतो. मला वाटलं फसवणूक आहे, म्हणून अजून उत्तरच दिलं नाही. बक्षीस घ्यायला पैसे कसले भरायचे?

पगाराचा फॉर्म १६ हातात आहे. आजवर आयटीआर-१, म्हणजे सहजच भरत आले.

खतावणी

ताई, सीए आहे. आधी मशीनचं सांगतो, कारण तिथे कंपनीची चूक नाही. प्राप्तिकर कायद्याचं कलम १९४आर, १ जुलै २०२२ पासून. धंद्याच्या किंवा व्यवसायाच्या निमित्ताने मिळालेल्या वस्तूंची किंमत वर्षात २०,००० च्या वर गेली की देणाऱ्याने १० टक्के टीडीएस बघायचा. वस्तूतून कापणार काय? म्हणून वस्तू हातात देण्याआधी तेवढा कर भरला गेल्याची खात्री करून घेतात. पैसे कंपनीला देण्याऐवजी स्वतः अग्रिम कर म्हणून भरून चलन (कर भरल्याची पावती) दाखवलं तरी चालतं. मशीन व्हिडिओ झाल्यावर परत केलीत तर तो लाभ धरत नाहीत, हे सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) जून २०२२ च्या परिपत्रकात मोबाईल, गाडी, कपडे अशी उदाहरणं देऊन लिहिलं आहे. ठेवलीत तर ३८,००० तुमचं उत्पन्न, आणि भरलेला कर २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं विवरण) मध्ये दिसेल.

आता डॉलर. उत्पन्न ६१२. आधी ज्यांनी नुसती खात्यात आलेली रक्कम धरली त्यांनी तुमचं उत्पन्नही कमी दाखवलं आणि तुमच्या हक्काचं क्रेडिटही (तिकडे भरलेला कर इथल्या करातून वळता करणं) घालवलं. कापलेला ३१.५० हा तुम्ही अमेरिकेत भरलेला कर. त्याचं क्रेडिट इथे मिळतं, पण त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो आणि रिटर्नमध्ये एफएसआय (परदेशी उत्पन्न) व टीआर (तिकडच्या कराची सवलत) ही दोन परिशिष्टं. ही परिशिष्टं सहजमध्ये नाहीत, सुगममध्येही (आयटीआर-४) नाहीत. व्यवसायाचं उत्पन्न असल्याने तुम्हाला आयटीआर-३ च. यंदापासून त्यात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा वेगळा कोडही आला आहे.

रिटर्नची मुदत यंदा १५ सप्टेंबर. फॉर्म ६७ करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत चालतो. पण मी अशिलांना रिटर्नच्या आधीच भरायला लावतो. नंतर कोण आठवण ठेवतं!

रात्रपाळी

इथे एक कडू गोळी. मागच्या वर्षी माझं एकूण उत्पन्न रिबेटच्या (करमाफीच्या) मर्यादेत होतं, त्यामुळे इथला कर शून्य. तिकडे कापलेले झाले साधारण नऊ हजार रुपये. एवढा फॉर्म ६७ भरला आणि क्रेडिट आलं शून्य. टीडीएस असता तर परत आला असता, पण परदेशी कर तसा परत मिळत नाही. तिकडचा कर आणि त्याच उत्पन्नावरचा इथला कर, यातला जो कमी तेवढंच क्रेडिट. मी दोन दिवस पोर्टलला शिव्या घालत होतो, पोर्टल बिचारं बरोबर होतं.

शिवणवेडी

म्हणजे पगार असल्यामुळे माझं क्रेडिट वाचेल म्हणायचं. पगाराचा असाही उपयोग!

पण पुरावा कुठला जोडू? १०४२-एस नावाचा कागद (अमेरिकेत कापलेल्या कराचा दाखला) डाउनलोड केला, तो जानेवारी ते डिसेंबर २०२४ चा आहे. आपलं वर्ष एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. दोन्हींचा मेळ बसत नाही. एकाच पानावर पेन्सिलीने रेघ मारून बसले आहे.

खतावणी

रेघ बरोबर मारलीत. पहिले तीन महिने वगळा, ते मागच्या वर्षाचे. आणि जानेवारी ते मार्च २०२५ चं १०४२-एस पुढच्या वर्षी येईल, तोवर थांबायची गरज नाही. नियम १२८ (परदेशी कराच्या क्रेडिटचा आपल्याकडचा नियम) मध्ये कर कापणाऱ्याचं प्रमाणपत्र चालतं, तसंच स्वतः सही केलेलं निवेदनही चालतं, सोबत कपातीचा पुरावा हवा. महिनावार पेमेंट विवरण त्यासाठी जोडायचं. एक तक्ता करा: महिना, एकूण डॉलर, अमेरिकेतले डॉलर, कापलेला कर, त्या दिवशीचा दर.

दराबाबत बहुतेकांचं चुकतं. कापलेल्या कराचे रुपये करताना स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक डॉलर विकत घेते तो दर) घ्यायचा, तोही कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. ऑक्टोबरात कापला तर ३० सप्टेंबरचा दर. तुमच्या बँकेने जमा करताना दिलेला दर वेगळा असणारच, त्याने बिचकू नका.

आणि तुमच्या डब्ल्यू-८ बेनकडे बघा. सही २०२२ ची, म्हणजे तो ३१ डिसेंबर २०२५ ला संपतो. सही केल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या शेवटपर्यंतच त्याची वैधता. नवा भरला नाही तर १५ टक्क्यांची सवलत जाते, आणि करविषयक माहितीच नसली तर जगभरातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. डिसेंबरच्या आत उरका.

तिसरी_शिफ्ट

खतावणी साहेबांनी एक सोडलं. ताई, पगारावर जुनी करप्रणाली घेत असाल तर सावध. नुसत्या पगारदाराला दरवर्षी जुनी-नवी अदलाबदल करता येते. व्यवसायाचं उत्पन्न आलं की जुनीसाठी १०-आयईए फॉर्म मुदतीच्या आत भरावा लागतो, आणि मग नवीकडे परतलात की पुन्हा जुनी नाही. माझी घरकर्जाच्या व्याजाची सवलत ह्या एका फॉर्मपायी गेली.

जीएसटीचं थोडक्यात: नोंदणीसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेत परदेशातून आलेले जाहिरातीचे पैसेही मोजले जातात. निर्यात शून्य दराची आहे म्हणून उलाढालीतून वगळायची नसते. तुमचा आकडा त्याच्या आसपास नसावा, पण ब्रँडची कामं वाढली की बघा.

शिवणवेडी

बापरे, जुनीच प्रणाली आहे माझी, फॉर्म १६ तसाच आला आहे! १०-आयईए आजच भरते. मशीनवाल्यांनाही मेल केली की चलन मीच भरून पाठवते, चार दिवस द्या. त्यांनी लगेच हो म्हटलं, म्हणजे खरंच फसवणूक नव्हती.

तक्ता सहा महिन्यांचा झाला. एका महिन्यात अमेरिकेचे डॉलर १४ आणि कर २.१०. त्या दोन डॉलरसाठी स्टेट बँकेचा जुना दर शोधत अर्धा तास गेला. एक राहिलं, मागच्या दोन वर्षांचं काय? तिथे तर उत्पन्नच कमी दाखवलंय.

खतावणी

त्यासाठी अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू. ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलंत तर एका वर्षासाठी वाढीव कर आणि व्याजावर जादा २५ टक्के, त्याआधीच्या वर्षासाठी ५० टक्के. रक्कम बहुधा किरकोळ निघेल. आधी हे वर्ष भरा, मग दोन्ही वर्षांची विवरणं काढून इथे आकडे टाका, बसून बघू.