मदत हवी आहे: अकरावीच्या फॉर्ममध्ये पहिला पसंतीक्रम कुणाला द्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही बार्शीचे. मुलगा यंदा दहावी झाला, ८९ टक्के पडले. सायन्स घ्यायचं हे नक्की आहे, पण ते कुठे, यावरून घरात आठ दिवस धुसफूस चालू आहे.

सासरच्या सगळ्यांचं म्हणणं एकच, लातूर. थोरल्या दिरांचा मुलगा तिथूनच मेडिकलला लागला, त्यामुळे लातूर पॅटर्नपुढे कुणी दुसरं काही ऐकून घेत नाही. त्यांनी सुचवलेल्या ठिकाणी कॉलेज आणि क्लास एकत्र आहेत. कॉलेज हजेरीपुरतं, बाकी दिवसभर क्लास आणि टेस्ट.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं बघून आलो. होस्टेलच्या खोलीत तीन कॉट, आणि एका कॉटच्या उशाशी भिंतीवर पेन्सिलने ओढलेल्या बारीक उभ्या रेघा, पाच-पाचचे गठ्ठे करून. वर लिहिलेलं, 'दिवाळी'. मुलाने त्या रेघा मोजल्या. परत येताना मुरूड गेलं, ढोकी गेली, पोरगं गप्प. येडशीला म्हणाला, "आई, मी राहीन तिथे. पण दोन वर्षं प्रॅक्टिकल खरंच नसतं का गं?"

हे मला फार लागलंय. हा मुलगा जास्वंदीचं फूल ब्लेडने उभं चिरून तासन् तास भिंगातून बघत बसतो. त्याला गावातल्याच कॉलेजात जायचंय. तिथली लॅब चांगली आहे म्हणतात, पण मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

२०२५ पासून प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. दहा पसंतीक्रम देता येतात. त्याने वहीत दोन ते दहा लिहून ठेवलेत, एक नंबर कोरा आहे. सासूबाई म्हणतात, "लातूर टाका पहिलं, नंतर बघू." नंतर खरंच बघता येतं का? आणि गणित, जीवशास्त्र दोन्ही ठेवलं तर फार ओझं होतं का? गावात राहून नीट दिलेल्यांचे अनुभव असतील तर जरूर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. "नंतर बघू" अजिबात करू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. दोन ते दहामधलं लागलं तर मात्र पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. म्हणून एक नंबरला तेच टाका, जिथे लागलं तर घरात पेढे वाटाल.

प्रॅक्टिकलचं तो बरोबर विचारतोय. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात. ते सोडा, ज्याला फूल चिरून बघायचंय त्याला दोन वर्षं नुसती उत्तरपत्रिका काळी करायला बसवणं मला पटत नाही. लातूरने पुष्कळ मुलं घडवली हे खरंच आहे, पण ती तिथे मनाने गेलेली होती.

गणित निदान अकरावीला ठेवा. सोडलं तर सीईटीचा पीसीएम गट (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स; इंजिनिअरिंगला लागतो तो) हातचा जाईल. गावात राहिलात तर अकरावीचा अभ्यास मागे टाकू देऊ नका. नीटला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि गावाकडची मुलं मार खातात ती अकरावीतच. आणि कॉलेज निवडण्याआधी लॅब डोळ्यांनी बघून या.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. हे अडतीवर हिशेबाला असतात, एरवी या विषयात पडत नाहीत. आज म्हणाले, "आईशी मी बोलतो."

उद्या अकराला मुलाला घेऊन गावातल्या कॉलेजची लॅब बघायला जातेय. तिथे नेमकं काय विचारू? मी स्वतः आर्ट्सची आहे. आठवड्याला किती प्रॅक्टिकल, एका सूक्ष्मदर्शकावर किती मुलं, एवढं वहीत लिहिलंय. अजून काही सुचत असेल तर रात्रीपर्यंत सांगाल का?