सल्ला हवा: 'द प्रेस्टीज' पाहून झाला, आता बाबांना काय दाखवू?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी बाबांना ख्रिस्तोफर नोलनचा 'द प्रेस्टीज' (२००६) दाखवला. बाबांचं वय ७४. उभं आयुष्य त्यांनी फिरत्या नाटक कंपन्यांत नेपथ्य लावण्याचं काम केलं. टेम्पोतून फ्लॅट (रंगवलेल्या भिंतींच्या चौकटी) उतरवायचे, लेव्हल (उंच-सखल चौथरे) ठोकायच्या, मध्यंतरात दिवाणखान्याची कोर्टाची खोली करायची. इंग्रजी चित्रपट ते सहसा अर्ध्यावर सोडून झोपायला जातात. हा मात्र पूर्ण १३० मिनिटं पाहिला, मध्ये चहाही नको म्हणाले.

मला वाटलं होतं, शेवटच्या धक्क्याबद्दल बोलतील. पण त्यांना लागला तो मधला एक प्रसंग. ह्यू जॅकमनचा अँजियर हा जादूगार एका प्रयोगात रंगमंचाच्या पाटातल्या झाकणातून खाली पडतो आणि टाळ्या घ्यायला वर दुसराच माणूस उभा असतो. अँजियर रंगमंचाच्या खाली, अंधारात, डोक्यावर टाळ्यांचा कडकडाट ऐकत वाकून नमस्कार करतो. बाबांनी तेवढा भाग दोनदा मागे घेऊन पाहिला. मग म्हणाले, "आम्ही चाळीस वर्षं तिथंच उभे होतो." पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

तर सल्ला असा हवा: जुन्या काळातला, एकाच विद्येतल्या दोघांच्या चढाओढीचा आणि पडद्यामागचं काम दाखवणारा चित्रपट कोणता? फार रक्तपात नको. सबटायटल वाचतात, पण सावकाश. शिवाय त्या काळच्या खऱ्या जादूगारांविषयी काही माहीत असेल तर तेही लिहा, बाबा रोज विचारतात. एक विनंती, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी शेवट फोडू नका.

काचेचा_पिंजरा

आधी एक सांगतो: दुसरं काही शोधण्यापूर्वी हाच चित्रपट पुन्हा दाखवा. शेवट कळल्यावर तो वेगळाच दिसतो. रिबेका हॉलने केलेल्या सारावर, म्हणजे अँजियरचा प्रतिस्पर्धी जादूगार बॉर्डन याच्या बायकोवर, लक्ष ठेवायला सांगा. नवरा आज खरं बोलतोय की नाही हे ती त्याच्या डोळ्यांवरून ओळखते, तेव्हा पहिल्या वेळी आपण ते नुसतं संसारातलं बोलणं समजून पुढे जातो. पक्ष्याच्या पिंजऱ्याचा प्रयोग पाहून एक लहान मुलगा रडतो, त्याचं एक वाक्य आहे. त्याहून जास्त सांगत नाही.

कथा गुंतागुंतीची वाटली असेल तर बाबांना एवढंच सांगा: तुरुंगातला बॉर्डन अँजियरची रोजनिशी वाचतोय आणि त्या रोजनिशीत अँजियर कोलोरॅडोत बसून बॉर्डनची रोजनिशी वाचतोय. म्हणजे तीन काळ एकात एक बसवलेत. हे डोक्यात असलं की वाट चुकत नाही.

'द इल्यूजनिस्ट' त्याच वर्षी आला होता. व्हिएन्ना, एडवर्ड नॉर्टन, फिलिप ग्लासचं सुंदर संगीत. तोही दाखवा.

उंबरठा

'द इल्यूजनिस्ट'बाबत माझं मत वेगळं आहे. चित्रपट देखणा आहे, पण तिसरी_घंटा यांच्या बाबांना हवं ते त्यात सापडणार नाही. त्यातला संत्र्याच्या झाडाचा प्रयोग पाहा. हा प्रयोग मुळात फ्रान्सच्या रोबेर-ऊदँ या जादूगाराचा (१८०५-१८७१). तो पेशाने घड्याळजी होता. त्याचं झाड यंत्राचं होतं, त्याला फुलं यायची, फळं यायची आणि शेवटी दोन यांत्रिक फुलपाखरं रुमाल उचलून धरायची. सगळं चाकांवर आणि दोऱ्यांवर. चित्रपटात ते झाड संगणकातून उगवल्यासारखं दिसतं. ज्या माणसाने आयुष्यभर खिळे ठोकले, त्याला यात हात कुठे दिसणार? शिवाय तिथली चढाओढ जादूगार आणि राजपुत्राची आहे, दोन जादूगारांची नाही.

त्याऐवजी 'ह्यूगो' (२०११) दाखवा, मार्टिन स्कॉर्सेसीचा. तो रहस्यपट नाही आणि लहान मुलांचा म्हणून ओळखला जातो, तिकडे लक्ष देऊ नका. त्यातला म्हातारा खेळणीवाला म्हणजे जॉर्ज मेलिएस. रोबेर-ऊदँचं पॅरिसमधलं थिएटर या मेलिएसने १८८८मध्ये विकत घेतलं, तिथे जादूचे प्रयोग केले आणि नंतर तीच जादू कॅमेऱ्यात उतरवली. बाई खुर्चीवर बसते, अंगावर कापड टाकतात, कापड उचललं की बाई नाही, हा ब्वातिए द कोल्ता या जादूगाराचा रंगमंचावर गाजलेला प्रयोग. मेलिएसने १८९६मध्ये त्याचा चित्रपट केला. रंगमंचावर त्यासाठी पाटात झाकण लागायचं. मेलिएसने कॅमेरा थांबवला, बाईला उठवलं आणि कॅमेरा पुन्हा चालू केला. 'ह्यूगो'त त्याच्या काचेच्या स्टुडिओतली रंगवलेली दृश्यं आहेत, फ्लॅट ओढणारी माणसं आहेत. बाबांना ती ओळखीची वाटतील.

सांदीकोपरा

खऱ्या जादूगारांबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. माझा हा आवडीचा विषय आहे.

चित्रपटात चुंग लिंग सू नावाचा चिनी जादूगार दिसतो. कापडाखालून पाण्याने भरलेला, आत मासे असलेला काचेचा मोठा गोल काढतो आणि थिएटरबाहेरही वाकून, लंगडत चालतो. बॉर्डनच्या लक्षात येतं की हा लंगडेपणाच खरा प्रयोग आहे. गोल पायांमध्ये धरून चालायचं असतं, म्हणून हा माणूस रोजच तसा चालतो. हा माणूस खरोखर होऊन गेला, आणि त्याची खरी गोष्ट पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा विलक्षण आहे.

तो चिनी नव्हताच. त्याचं नाव विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन, जन्म १८६१, अमेरिकन. बाबांना हे आवर्जून सांगा: तो मुळात पडद्यामागचा माणूस. हॅरी केलर आणि अलेक्झांडर हरमन हे अमेरिकेतले दोन मोठे जादूगार, एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि रॉबिन्सनने दोघांकडेही यंत्रं बनवण्याचं, रंगमंच सांभाळण्याचं काम केलं. मग चीनहून चिंग लिंग फू नावाचा जादूगार अमेरिकेत आला. कापडाखालून पाण्याचा मोठा गोल काढण्याचा प्रयोग त्याचा. जो तसा करून दाखवेल त्याला एक हजार डॉलर, असं आव्हान फूने दिलं. रॉबिन्सन पुढे आला, त्याला दाद मिळाली नाही. त्यानंतर त्याने डोकं भादरलं, वेणी लावली, नाव घेतलं चुंग लिंग सू आणि युरोप गाजवला. पत्रकारांशी तो दुभाष्यामार्फत बोलायचा.

१९०५मध्ये दोघेही एकाच वेळी लंडनमध्ये प्रयोग करत होते. खऱ्या फूने या खोट्या चिन्याला जाहीर आव्हान दिलं: माझ्या वीसपैकी दहा प्रयोग करून दाखव. एका साप्ताहिकाच्या कचेरीत मुकाबला ठरला. रॉबिन्सन आला, फू आलाच नाही. अशा रीतीने नकली माणूस जिंकला. मला या गोष्टीत फूबद्दल फार वाईट वाटतं. विद्या त्याची, पोशाख त्याचा, देश त्याचा, आणि नाव दुसऱ्याचं झालं.

रॉबिन्सनचा शेवट बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात झाला. 'द प्रेस्टीज'मध्येही हा प्रयोग आहे. त्याच्या बंदुकीत खरी गोळी वरच्या नळीत नुसती पडून राहायची आणि बार उडायचा तो खालच्या, बंदूक ठासायचा गज ठेवायच्या नळीतून. वर्षानुवर्षं वापरून आतले भाग झिजले आणि ठिणगी वरच्या नळीपर्यंत पोचायला वाट झाली. २३ मार्च १९१८ला लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये गोळी खरंच सुटली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. इतकी वर्षं रंगमंचावर मौन पाळलेला हा माणूस त्या रात्री प्रेक्षकांसमोर इंग्रजीत ओरडला, पडदा पाडा म्हणून.

यावर जिम स्टाइनमायरचं 'द ग्लोरियस डिसेप्शन' हे चांगलं पुस्तक आहे. स्टाइनमायर स्वतः जादूची यंत्रं बनवतो, त्यामुळे लाकूड, आरसा, दोरी यांबद्दल त्याला कळतं ते नुसत्या इतिहासकाराला कळणार नाही.

काचेचा_पिंजरा

सांदीकोपरा, सुंदर प्रतिसाद. मला फक्त बंदुकीचा अपघात माहीत होता.

त्याच केलरचं आणखी एक. लंडनच्या मॅस्केलिन या जादूगाराचा, माणूस हवेत तरंगवण्याचा प्रयोग त्याला हवा होता. मॅस्केलिन काही सांगेना. केलरने पुन्हापुन्हा प्रयोगाला बसून पाहिलं, आणि १९०४मध्ये मॅस्केलिनच्याच कंपनीतला पॉल व्हॅलाडन हा जादूगार आपल्याकडे ओढला. चित्रपटात दोघे एकमेकांकडे माणसं पेरतात ते मला आधी नाट्यमय वाटलं होतं. प्रत्यक्षात तसंच चालत होतं.

रेल्वेफाटक

बाई करवतीने कापण्याचा प्रयोग कुणी लिहिलाच नाही. पी. टी. सेल्बिट या जादूगाराने जानेवारी १९२१मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये केला. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिनने स्वतःचा काढला आणि बाकी सगळ्यांवर खटले भरले. पुढे त्याने पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे युक्ती सरकारी कागदावर उघडी, कुणीही वाचावी. एका सिगारेट कंपनीने ती जाहिरातीत छापली, गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८मध्ये हरला.

आपल्याकडचे पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ला बीबीसीच्या 'पॅनोरामा'त फिरत्या करवतीने हाच प्रयोग केला. मुलगी उठून दाखवायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली आणि लोकांनी घाबरून फोन केले. सरकारांवरही कालानाग नावाच्या जर्मन जादूगाराने प्रयोग चोरल्याचा आरोप केला होता.

दिवेलागण

मी जरा वेगळं सुचवते. बाबा नाटकातले आहेत तर त्यांना 'टॉप्सी-टर्व्ही' (१९९९) दाखवा. दिग्दर्शक माइक ली. लंडनचं सॅव्हॉय थिएटर, १८८५, गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची 'मिकाडो' ही संगीतिका उभी राहते त्याची गोष्ट. दोघे प्रतिस्पर्धी नाहीत, जोडीदार आहेत, पण एकमेकांना सहन करता करता थकलेत. तालमी, कपडेपट, दात दुखणारा गिल्बर्ट, शेवटच्या क्षणी गाणं कापणं, सगळं आहे. वीज नुकती आलेली आहे, आणि सॅव्हॉय ही तर पूर्णपणे विजेच्या दिव्यांवर चालणारी पहिली सार्वजनिक इमारत. लांब आहे, दोन रात्रींत पाहा. ज्याने कधी विंगेत उभं राहून दुसऱ्याचा प्रयोग श्वास रोखून पाहिलाय, त्याला यातला शब्द न् शब्द कळेल.

चढाओढ हवी असेल तर दोन संगीतकारांचा 'अमाडेउस' (१९८४) आहेच.

आणि इतकं लांब कशाला जायचं? 'कट्यार काळजात घुसली' त्यांनी पाहिला असणारच. दोन गवई, एक दरबार, घराण्याची राखून ठेवलेली विद्या आणि ती मिळवण्यासाठी शत्रूच्या दारात नोकर म्हणून राहणारा शिष्य. 'द प्रेस्टीज' पाहताना मला सारखा तो शिष्य, सदाशिवच आठवत होता. फरक एवढाच की गाण्यात युक्ती कळली तरी गाणं येत नाही, जादूत मात्र युक्ती कळली की सगळं संपतं. म्हणून जादूगार जास्त घाबरलेले असतात.

उंबरठा

दिवेलागण, यावर मला थोडं म्हणायचंय. युक्ती कळली तरी जादू येत नाहीच. बॉर्डनला अँजियरपेक्षा जास्त येतं, पण ते लोकांसमोर सजवता येत नाही. अँजियरला सजवता येतं. एकमेकांची वही वाचूनही दोघांना एकमेकांसारखं होता येत नाही, चित्रपटाची सगळी आग तिथे आहे. बाकी 'कट्यार'ला पूर्ण अनुमोदन.

आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) विसरू नका. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत, 'प्रोफेसर केळफा' या नावाने. फाळके उलटं वाचा. परेश मोकाशींच्या चित्रपटात ते आहे. मेलिएससारखाच आपलाही पहिला चित्रपटकर्ता जादूच्या पाटावरून आलेला आहे, हे बाबांना सांगितलंत की 'ह्यूगो' आणि हा लागोपाठ पाहायला मजा येईल.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांदीकोपरा, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. रॉबिन्सन आधी पडद्यामागे होता हे ऐकल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "बंदूक साफ कोण करायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

'कट्यार' त्यांनी पाहिलाय, मूळ नाटकही पाहिलंय, त्यामुळे तो आमच्यात वादाचा विषय आहे आणि तसाच राहील. 'तो मी नव्हेच'ची आठवण मात्र त्यांनी स्वतःहून काढली. १९६२मध्ये फिरता रंगमंच आला तेव्हा ते शाळकरी होते. पणशीकर एका वेषात दिसेनासे होऊन दुसऱ्या वेषात उभे राहायचे, आणि बाकीची मुलं पणशीकरांकडे बघत असताना हे खाली वाकून पाट कसा फिरतो ते शोधत होते. त्या दिवशीच ठरलं म्हणाले, आपण नाटकात जायचं पण तोंडाला रंग लावून नाही.

या शनिवारी 'ह्यूगो', पुढच्या आठवड्यात दोन रात्री 'टॉप्सी-टर्व्ही'. त्याआधी उद्या 'द प्रेस्टीज' पुन्हा लावतोय. यावेळी सारा काय म्हणते ते लिहून ठेवायला त्यांनी वही काढून ठेवली आहे.